‘महात्मा’ : एका पदवीची हकीगत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमच्यासारख्या एका मॅट्रिक झालेल्या सेवानिवृत्त शिक्षकास या व्यासपीठावर बोलावयास सांगून मंडळाने आमचा मोठाच गौरव केला आहे. विषयाची निवड चिटणीसांनी आमच्यावरच सोपविली होती. यंदा मंडळापुढे एक सूचना आलेली आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहेच. ज्ञातीतील कर्तबगार माणसांना दरवर्षी एखादी पदवी अर्पण करावी, अशी ती सूचना. तिचा निर्णय सर्वसाधारण सभा करील, त्यात आज आम्ही शिरत नाही. परंतु पदवी ही वस्तू मुळात कोठून येते, कोण देतो आणि ज्याला मिळते त्याचे पुढे काय होते, याचा विचार त्यापूर्वी झालेला बरा, असे आम्हांस वाटले. त्यासाठी आम्ही आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध पदवी निवडली आहे. मोहनदास करमचंद गांधी या गृहस्थांना ‘महात्मा’ ही पदवी कशी मिळाली, हा आजचा विषय.

‘महात्मा ही पदवी कोणी दिली?’ हा शाळेतला एका गुणाचा प्रश्न. ‘रवींद्रनाथ ठाकूर’ हे त्याचे उत्तर. आमची सारी हयात असे प्रश्न काढण्यात आणि तपासण्यात गेली. परंतु हा एक गुण एकदा उच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला होता, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. गुजरातेत तलाठ्यांच्या भरतीच्या परीक्षेत हाच प्रश्न विचारला गेला. आधी जाहीर केलेल्या उत्तरांत रवींद्रनाथांचे नाव होते, मागाहून ते बदलून सौराष्ट्रातील एका अनामिक पत्रकारास तो मान देण्यात आला. गुण गेलेल्या उमेदवाराने २०१६ साली गुजरात उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि न्यायालयाने रवींद्रनाथांचे रूढ उत्तरच ग्राह्य धरले. परीक्षेपुरता निकाल लागला. इतिहासाची उत्तरपत्रिका मात्र एवढ्याने पुरी होत नाही.

प्रथम त्या शब्दाकडेच पाहू. ‘महात्मा’ हा शब्द गांधीजींसाठी कोणी नवा घडविलेला नाही. साधुसंत, विरक्त आणि परोपकारी पुरुष यांच्यासाठी तो देशभर प्रचारात होता. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर जोतीराव फुले यांना ही पदवी गांधीजींच्या कितीतरी आधी मिळाली. ११ मे १८८८ रोजी मुंबईस मांडवी कोळीवाड्यात सभा भरली आणि रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते जोतीरावांना ती अर्पण झाली. दिवस, स्थळ, देणारा आणि घेणारा, सगळे निश्चित. गांधीजींच्या पदवीचे तसे नाही. तिच्या जन्माचे दाखले एकाहून अधिक गावांत सापडतात.

त्यांतला फार जुना दाखला १९०९ सालचा आहे. डॉ. प्राणजीवन मेहता हे रंगूनचे जवाहिऱ्या व्यापारी. डॉक्टरही होते आणि बॅरिस्टरही. गांधीजी १८८८ साली विद्यार्थी म्हणून लंडनला उतरले तेव्हापासूनचा त्यांचा स्नेह. या मेहतांनी ८ नोव्हेंबर १९०९ रोजी नामदार गोखल्यांना एक पत्र लिहिले. दक्षिण आफ्रिकेत झगडणाऱ्या आपल्या मित्राची राहणी आता एखाद्या थोर महात्म्यासारखी झाली आहे आणि त्याच्या मनात मातृभूमीवाचून दुसरा विचार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. हे खाजगी पत्र होते. सभा नव्हती, टाळ्या नव्हत्या. एका मित्राने दुसऱ्या थोर माणसाजवळ आपल्या मित्राविषयी मनापासून लिहिलेले चार शब्द, एवढेच. त्या वेळी गांधीजींचे वय चाळीस होते आणि हिंदुस्थानात त्यांना ओळखणारे फार थोडे होते.

पुढचा दाखला याहून गमतीचा आहे, कारण त्यात महात्मा दुसरेच आहेत. हरिद्वारजवळ कांगडी येथे आर्यसमाजाचे गुरुकुल चालविणारे मुन्शीराम त्या काळी पंजाबात ‘महात्मा मुन्शीराम’ म्हणून प्रख्यात होते. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी गुरुकुलाच्या मुलांनी अंगमेहनत करून पैसे जमविले आणि तिकडे पाठविले. त्यानंतर मार्च १९१४ मध्ये गांधीजींनी नाताळहून मुन्शीरामांना पत्र लिहिले. त्याचा मायना ‘महात्माजी’ असा आहे. आपली प्रत्यक्ष ओळख नसताना या नावाने संबोधितो याची क्षमा असावी, ॲंड्र्यूज आणि मी आपल्याविषयी बोलताना हेच नाव वापरतो, असा खुलासाही त्यांनी पत्रात केला आहे. म्हणजे त्या दिवशी पत्र लिहिणारे होते नुसते गांधी, आणि महात्मा होते पत्र घेणारे. वर्षभरातच, एप्रिल १९१५ मध्ये, कुंभमेळ्याच्या वेळी गांधीजी त्या गुरुकुलात गेले तेव्हा तेथे त्यांचाच ‘महात्मा’ म्हणून सत्कार झाला. मुन्शीरामांनी १९१७ साली संन्यास घेतला आणि ते स्वामी श्रद्धानंद झाले. महात्मा हे नाव त्यांच्यापुरते मागे पडले.

आता मध्यंतरी काय झाले ते पाहू. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. मुंबईत सत्कार झाले, त्यांपैकी गुर्जर सभेच्या सत्काराचे अध्यक्ष होते बॅरिस्टर जिना. हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. मग गांधीजी आपल्या काठेवाडात गेले. गावोगाव मानपत्रे. २१ जानेवारीला जेतपूर येथे नौतमलाल भगवानजी मेहता यांनी दिलेल्या मानपत्रात ‘महात्मा’ हा शब्द आढळतो. त्याच महिन्याच्या अखेरीस गोंडल येथे रसशाळेचे वैद्य जीवराम काळिदास शास्त्री यांनीही त्यांचा असाच गौरव केला. जेतपूरकर आणि गोंडलकर यांच्यात या मानाबद्दल अजूनही थोडी चुरस आहे, असे म्हणतात.

येथे आम्हांस एक अनुभवाची गोष्ट सांगावीशी वाटते. सुवाच्य अक्षर आणि थोडेसे संस्कृत, या दोन अपराधांमुळे आमच्या गावी गेली चाळीस वर्षे मानपत्र लिहावयाचे काम आमच्याकडे येत असे. निवृत्त होणारे पोस्टमास्तर, बदलून जाणारे फौजदार, नव्याने निवडून आलेले सरपंच, अशा कितीतरी मंडळींची मानपत्रे आम्ही लिहिली. मानपत्राची एक ठरीव घडण असते. प्रारंभी दोन ओळींची विशेषणे, मध्ये कार्याचा गौरव, शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना. विशेषणे ही आपल्या पेटीतली असतात, माणसाच्या मापाने ती दर वेळी नव्याने शिवली जात नाहीत. ज्याला ‘दानशूर’ म्हटले त्याने पुढे दमडी दिली नाही, ‘न्यायनिष्ठुर’ म्हटले तो दुसऱ्या गावी जाऊन निलंबित झाला, हेही आम्ही पाहिले आहे. ती मानपत्रे चौकटीत बसून भिंतीवर गेली आणि त्यांतील शब्द तेथेच राहिले. कोणीही त्या फौजदारसाहेबांना रस्त्यात ‘न्यायनिष्ठुर’ अशी हाक मारली नाही. म्हणून जेतपूरच्या मानपत्रात महात्मा हा शब्द आधी आला की गोंडलच्या, हा वाद आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्या जानेवारीत काठेवाडातील मानपत्रलेखकांच्या पेटीत तो शब्द होता, तो त्यांनी वापरला. तो भिंतीवरून उतरून लोकांच्या तोंडी कसा गेला, हा खरा प्रश्न.

रवींद्रनाथांचा वाटा येथे येतो. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मुले गांधीजींच्या आधीच हिंदुस्थानात आली होती. ती प्रथम कांगडीच्या गुरुकुलात व नंतर शांतिनिकेतनात राहिली. गांधीजी १७ फेब्रुवारी १९१५ रोजी शांतिनिकेतनात पोहोचले, त्या दिवशी रवींद्रनाथ तेथे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कलकत्त्याहून ॲंड्र्यूज यांना पत्र लिहून ‘महात्मा आणि सौ. गांधी’ बोलपूरला पोहोचले असतील, अशी आशा व्यक्त केली. ही पहिली भेट होण्यापूर्वीची गोष्ट आहे. तेवढ्यात पुण्याहून गोखल्यांच्या निधनाची तार आली आणि गांधीजी तातडीने पुण्यास निघाले. कविवर्यांची आणि त्यांची प्रत्यक्ष भेट झाली ती ६ मार्चला. अवघ्या चार दिवसांनी, १० मार्चला, गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनातील विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी स्वयंपाक्यांना व झाडूवाल्यांना सुटी देऊन सारी कामे स्वतः केली. तो दिवस तेथे पुढे दरवर्षी ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जाऊ लागला. आमच्या मते पदवीपेक्षा ही आठवण मोठी आहे.

रवींद्रनाथांनी हा शब्द प्रथम काढला नसला, तरी नोबेल पारितोषिक मिळालेल्या जगद्विख्यात कवीने तो वापरला यामुळे त्याला निराळेच वजन आले. शिवाय त्यांनी तो मतभेदातही सोडला नाही. १९२१ साली परदेशी कपड्यांची होळी आणि चरखा यांवर कविवर्यांनी जाहीर टीका केली. त्या टीकेतही गांधीजी ‘महात्मा’च आहेत. गांधीजींनी त्याच वर्षी ‘यंग इंडिया’त उत्तर दिले, त्यात कविवर्यांना राष्ट्राचा थोर पहारेकरी म्हणून वंदन केले आणि आपले म्हणणे तसूभरही मागे घेतले नाही.

त्याच १९१५ सालात गांधीजींना आणखी एक सन्मान मिळाला, तो आता विस्मरणात गेला आहे. सरकारने त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ हे सुवर्णपदक दिले. बोअर युद्धात आणि झुलू बंडाच्या वेळी जखमींची शुश्रूषा केल्याबद्दलची दोन पदके आधीचीच होती. म्हणजे एकाच वर्षी त्यांना सरकारकडूनही मान मिळाला आणि लोकांकडूनही. पाच वर्षांनी खिलाफतीचा आणि पंजाबातील अत्याचारांचा प्रश्न उभा राहिला. १ ऑगस्ट १९२० रोजी, ज्या दिवशी मुंबईत लोकमान्यांचे देहावसान झाले त्याच दिवशी, गांधीजींनी ही तिन्ही पदके व्हाइसरॉयकडे परत पाठविली. रवींद्रनाथांनी त्यापूर्वीच, १९१९ साली, जालियनवाला बागेनंतर आपली ‘सर’ ही पदवी नको असल्याचे कळविले होते. असहकाराच्या कार्यक्रमात तर सरकारी पदव्यांचा त्याग हे पहिलेच कलम होते. जे सरकारने दिले ते सरकारला परत करता आले. एक लखोटा, एक पत्र, काम झाले. परंतु ‘महात्मा’ कोणाकडे परत करावयाचे? जेतपूरला, गोंडलला, कांगडीला की बोलपूरला? देणारा एक नव्हता. ही पदवी घेण्याचे गांधीजींच्या हाती नव्हते आणि टाकण्याचेही नव्हते.

त्यांना ती टाकावीशी वाटत होती का? त्यांचे स्वतःचे म्हणणे तसेच आहे. आत्मकथेच्या प्रस्तावनेत ते सांगतात की, या पदवीची किंमत आपल्याला वाटत नाही, तिने आपणांस पुष्कळदा क्लेशच दिले आणि तिच्यामुळे आपण क्षणभर तरी फुलून गेलो असे आठवत नाही. हरिद्वारच्या कुंभमेळ्यात दर्शनार्थींनी त्यांना क्षणाची उसंत दिली नाही. महात्म्यांची दुःखे महात्म्यांनाच ठाऊक, असे त्यांनी पुढे थट्टेने लिहून ठेवले आहे. थट्टेचा भाग सोडला तर त्या दुःखांचे तीन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. त्यांपैकी दोन आपल्या अगदी जवळचे.

पहिला नागपूरचा. डिसेंबर १९२० मध्ये तेथे काँग्रेसचे अधिवेशन विजयराघवाचार्यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. प्रतिनिधींची संख्या चौदा हजारांवर गेली होती. काँग्रेसचे ध्येय बदलणाऱ्या ठरावास विरोध करण्यासाठी बॅ. जिना उभे राहिले आणि ‘मिस्टर गांधी’ असा उल्लेख त्यांनी केला. मांडवात एकच कल्लोळ उसळला. ‘महात्मा गांधी म्हणा!’ मौलाना महंमद अली यांना ‘मिस्टर’ म्हटल्यावरही तोच प्रकार झाला. जिनांनी आपले भाषण पुरे केले, परंतु त्यानंतर ते काँग्रेसमध्ये राहिले नाहीत. एका संबोधनामुळे ते गेले असे कोणी म्हणणार नाही, मतभेद खोलवरचे होते. तथापि सहा वर्षांपूर्वी ज्याने अध्यक्षस्थानावरून गांधीजींचा सत्कार केला, त्यास हजारो लोकांनी ओरडून एक शब्द म्हणावयास भाग पाडू पाहावे, हे दृश्य आम्हांस कधीही चांगले वाटलेले नाही. आदर हा आतून उमलावा लागतो, तो दमदाटीने वसूल होत नाही. पुढे १९४४ साली मुंबईस मलबार हिलवर या दोघांच्या वाटाघाटी झाल्या तेव्हा गांधीजी आपल्या पत्रांत त्यांना ‘कायदे आझम’ म्हणून लिहीत आणि त्यांच्याकडून उत्तर येई ‘मिस्टर गांधी’ म्हणून. गांधीजींची त्याविषयी तक्रार नव्हती.

दुसरा प्रसंग मुंबईचा, आणि तो सांगताना अजूनही मन कासावीस होते. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. गिरणगावात परदेशी कपड्यांची होळी करून गांधीजी परततात तोच शहरात दंगल पेटल्याची वर्दी आली. स्वागताला गेलेल्या पारशी मंडळींवर, परदेशी टोपी घातलेल्या वाटसरूंवर हल्ले चालले होते. दारूची दुकाने फोडली जात होती, पोलीस मारले गेले होते. गांधीजी स्वतः त्या ठिकाणी गेले. आणि तेथे त्या जमावाने त्यांना ओळखले व आनंदाने गर्जना केली, ‘महात्मा गांधी की जय!’ ही आरोळी आपल्या कानांना त्या दिवशी झोंबली तशी कधीच झोंबली नव्हती, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. श्रोतेहो, क्षणभर कल्पना करा. ज्याने अहिंसेची शपथ घातली त्याचेच नाव घेऊन माणसे मारली जात आहेत, आणि मारणाऱ्यांना वाटते आहे की आपण त्याची सेवा करीत आहो! शहर शांत होईतो गांधीजींनी उपोषण आरंभिले.

तिसरा प्रसंग गोरखपूरकडचा. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजी त्या जिल्ह्यात गेले, एका दिवसापुरतेच. ते गेल्यावर तेथील खेड्यापाड्यांत महात्म्याच्या चमत्कारांच्या कथा उठल्या. कोणाच्या विहिरीला पाणी लागले, कोणी त्यांची निंदा केली म्हणून त्यावर संकट कोसळले, कोणी त्यांच्या नावे नवस बोलला आणि तो फळला. ‘स्वदेश’ नावाच्या तेथील पत्रात अशा वार्ता छापूनही येत. इतिहाससंशोधक शाहीद अमीन यांनी त्यांचा मोठा अभ्यास केला आहे. त्यांच्या अभ्यासातून दिसते ते असे की, खेड्यातील कुळांनी ‘महात्मा’ या शब्दात आपल्या मनातला अर्थ भरला होता. गांधीजींनी काय सांगितले याच्याशी त्याचा नेहमी मेळ असेच असे नाही. वर्षानंतर त्याच जिल्ह्यात, ४ फेब्रुवारी १९२२ रोजी, चौरीचौरा येथे जमावाने पोलीसचौकी पेटवून दिली आणि वीसहून अधिक पोलीस प्राणांस मुकले. तोंडी जयजयकार तोच होता. गांधीजींनी सारी चळवळ थांबविली आणि पाच दिवस उपोषण केले. पुष्कळ पुढाऱ्यांना ते रुचले नाही. आम्हांस वाटते, नागपूर आणि मुंबई ज्याने पाहिली त्याच्या दृष्टीने हे कर्ज साचतच आले होते. लोकांनी नाव दिले, त्या नावाने लोकांनी जे केले त्याचे व्याज त्यांनी स्वतःच्या देहाने भरले.

हे सांगत असताना दुसरी बाजू दडवून ठेवणे आमच्या पेशाला शोभणार नाही. ही पदवी सर्वांनी मान्य केली असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली बी.बी.सी.च्या मुलाखतीत आपण गांधींना महात्मा म्हणावयास तयार नाही, असे स्वच्छ सांगितले. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर या दोन पुरुषांचा जो झगडा झाला, तो पाहता त्यांना तसे म्हणण्याचा पुरा अधिकार होता. लोकांनी दिलेल्या पदवीत हे स्वातंत्र्य अंतर्भूत असते. ज्याला द्यावीशी वाटली त्याने दिली, ज्याला वाटली नाही त्याने दिली नाही. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमानेही लष्करी व विद्याविषयक बहुमान सोडून कोणतीही पदवी देण्यास राज्यास मनाई केली आहे. तेव्हा ‘महात्मा’ हे नाव सरकारी हुकुमाने लागलेले नाही आणि सरकारी हुकुमाने निघणारही नाही.

आमच्या ज्ञातीपुढील सूचनेविषयी आम्हांस कोणी मत विचारले तर आम्ही म्हणू, सत्कार अवश्य करावा, नारळ द्यावा, शाल द्यावी, मुलांच्या शिक्षणासाठी रक्कम त्या माणसाच्या नावाने ठेवावी. मानपत्र लिहावयाचे झाल्यास आमचे अक्षर अजून बरे आहे. पदवी तेवढी ठरावाने देऊ नये. ती यावयाची असेल तर येईल, आणि आली तर त्या बिचाऱ्याला ती परत करता येणार नाही.

आश्रमात गांधीजींना कोणी महात्मा म्हणत नसे. साबरमतीला आणि सेवाग्रामला ते ‘बापू’ होते, आणि जवळच्या माणसांना लिहिलेल्या पत्रांखाली ते ‘बापूचे आशीर्वाद’ असे लिहीत. २० सप्टेंबर १९३२ रोजी, येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू व्हावयाचे होते त्या दिवशी, ते पहाटे तीन वाजता उठून रवींद्रनाथांना पत्र लिहावयास बसले. दुपारी आपण अग्निद्वारात प्रवेश करणार, आपला आशीर्वाद असावा, आणि माझे कृत्य चुकीचे वाटत असेल तर तसे स्पष्ट सांगावे, अशी त्यात विनंती होती. रवींद्रनाथ उत्तर देऊन थांबले नाहीत, सत्तरी ओलांडलेली असताना ते पुण्यास आले आणि २६ तारखेस उपोषण सुटले तेव्हा जवळ बसले होते. त्या पहाटेच्या पत्राचा मायना आहे ‘प्रिय गुरुदेव’, आणि खाली सही आहे मो. क. गांधी.